खेकडा पुढच्या इयत्तेत

शास्त्रज्ञांनी शाळकरी पोरांना रानात न्यायचं, याला आता ‘अभिनव उपक्रम’ म्हणतात. ऐकून गंमत वाटते. 1972 साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात 16 शाळांत हेच सुरू झालं होतं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली, दिल्ली विद्यापीठातली मंडळी सहावी-सातवीच्या पोरांमध्ये जाऊन बसली. शिरा जाळीदार की समांतर, हे पोरं पान उजेडापुढे धरून ठरवत. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा. (गाइडवाल्यांच्या पोटावर पायच की हो!) कार्यक्रम शेकडो शाळांत पसरला आणि 2002 मध्ये राज्य सरकारने तो गुंडाळला. रास्तच आहे. तीस वर्षं पोरांनी प्रश्न विचारायचे म्हणजे काय?

आमच्याकडची क्षेत्रभेट कशी बिनबोभाट असते. दोन-दोनच्या ओळी, तोंडावर बोट, ओढ्यात उतरायचं नाही. बॅनर मात्र आठ फुटी. पाहुण्या शास्त्रज्ञाला शाल-श्रीफळ आणि भाषणाला पाच मिनिटं. परवा एक पोरगं दगड उलटून खालच्या खेकड्याकडे टक लावून बसलं होतं. बाई ओरडल्या, “ए, ठेव तो दगड! खेकडा पुढच्या इयत्तेत आहे.”