ओहमकाका

लंडनच्या महाराष्ट्र मंडळात आमच्या सौ.च्या काकांना सगळे ‘ओहमकाका’ म्हणतात. भारतातून नुकत्याच आलेल्या माणसाला वाटतं, यांनी कुठल्या तरी मठाचा अनुग्रह घेतलेला दिसतो. तसं वाटायला कारणही आहे. बोलता बोलता काका मध्येच थांबतात, हातातल्या डबीच्या इवल्याशा पडद्याकडे एकटक बघतात आणि पुटपुटतात, ‘वन पॉइंट वन ओहम… वन पॉइंट वन…’ मग डोळे मिटून नळी ओठांना लावतात, आणि त्यांच्या तोंडातून पांढराशुभ्र ढग बाहेर पडतो. डॉलिस हिलला मंडळाच्या गणपतीत दाराबाहेरच्या त्या ढगाला एका आजींनी हात जोडलेले मी पाहिले आहेत. आजींना वाटलं धूप लावलाय. वास मात्र आंब्याचा होता.

त्याला धूर म्हणायचं नाही. म्हटलं की काका दुखावतात. ‘चुलीतून निघतो तो धूर, इडलीपात्रातून निघते ती वाफ. आम्ही इडलीपात्रवाले.’

काका मूळचे सांगलीचे. तिथे इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला आणि पुढे हीथ्रो विमानतळावर सामान वाहून नेणाऱ्या पट्ट्यांची देखभाल करण्यात उमेदीची वर्षं घालवली. राहतात शेजारच्याच स्लावला. चाळीस वर्षं रोज वीस सिगारेटी ओढल्या. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी छाती तपासून सांगितलं की, आता पुरे. इथले डॉक्टर सिगारेट सुटत नसेल तर वाफेचं यंत्र घ्या म्हणतात. सिगारेटपेक्षा ते कमी घातक आहे, पण निर्धोक नाही, आणि ज्याने कधी ओढलीच नाही त्याने त्या वाटेला जाऊ नये, असंही बजावतात. काकांना यातला ‘यंत्र’ एवढाच शब्द ऐकू आला असावा.

पहिलं यंत्र दुकानातलं साधं होतं. त्यातलं तयार कॉइल दर आठ-पंधरा दिवसांनी जळकट चव देऊ लागलं की फेकायचं आणि नवीन बसवायचं. काकांनी दोनदा फेकलं. तिसऱ्यांदा रात्री जेवणं झाल्यावर पक्कड घेऊन ते फोडलं. आत निघालं काय? वीतभरही नसलेली तार आणि चिमूटभर कापूस. ‘याचे हे लोक तीन पौंड घेतात!’ असं म्हणून काकांनी जो उसासा टाकला, त्यातून पुढचं सगळं घडलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः बांधायची टाकी आणली. तिचं पूर्ण नाव रिबिल्डेबल टँक अ‍ॅटमायझर. काकी तिला चिलीम म्हणतात.

त्या दिवसापासून जेवणाच्या टेबलाचा खिडकीकडचा कोपरा काकांचा झाला. काकींचा जुना मिसळणाचा डबाही त्यांनी बळकावला. मोहरीच्या वाटीत रबरी कड्या, जिऱ्याच्या वाटीत तांदळाच्या कणीएवढे स्क्रू, हळदीच्या वाटीत तारेचे तुकडे आणि मेथीच्या वाटीत जळालेली कॉइलं. ही शेवटची का ठेवता, असं मी एकदा विचारलं. ‘अभ्यासाला,’ काका म्हणाले.

एका रविवारी त्यांनी मला शिकवायचा घाट घातला. मी सुपारीचं खांडही न खाणारा माणूस; पण जावयाला नाही म्हणता येत नाही.

‘जावईबापू, इकडे बसा. ही कँथल. लोखंड, क्रोमियम आणि अ‍ॅल्युमिनियम. २८ गेज. अडीच मिलिमीटरच्या दांडीवर सहा वेढे. वेढ्यावर वेढा चढता कामा नये, आणि दोन वेढ्यांत फट राहिली तर सगळीकडे सारखीच हवी.’ काकांच्या हाताचा कंप एरवी चहाच्या बशीत ऐकू येतो. दांडी हातात आली की तो कुठे जातो कोण जाणे. सहा वेढे त्यांनी असे घातले की देवळातल्या घंटेच्या दोरीचा पीळसुद्धा ओशाळावा. मग तारेचे दोन पाय दोन खांबांच्या स्क्रूखाली सरकवले, स्क्रू आवळले आणि बाहेर उरलेली टोकं अगदी मुळाशी कापली. ‘इथे नखभर टोक राहिलं आणि वरचं झाकण त्याला लागलं की शॉर्ट. यंत्र चांगलं असेल तर पडद्यावर तक्रार करतं. नसेल तर सेल तापतो.’ या सेलच्या बाबतीत काका एकदम गंभीर होतात. त्याचं वेष्टन जरा फाटलं तरी तो सेल बाद. सुटा सेल खिशात किल्ल्यांबरोबर टाकणाऱ्या माणसाशी ते बोलत नाहीत.

पडद्यावर तारेच्या रोधाचा आकडा आला : १.१. काकांनी मान डोलावली. आकडा नाचायला लागला किंवा उगाच वर चढला, तर समजायचं, स्क्रू ढिला आहे. मग पोह्यांची बशी बाजूला सारून त्यांनी मला वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब करून दाखवला : ३.७ व्होल्टचा वर्ग, भागिले १.१, म्हणजे सव्वाबारा वॅटच्या वर थोडं. ‘याच्या मुळाशी असलेला नियम १८२७ साली जॉर्ज ओहमने लिहून ठेवलाय. जर्मन मास्तर होता.’ मास्तर या शब्दावर त्यांचा आवाज जरा ओलावला. सांगलीचे त्यांचे मास्तर हाच नियम छडीने शिकवत.

आता बटण दाबायचं, पण क्षणभर. तार तापून लाल होते. ती मधून सुरू होऊन कडांकडे लाल होत गेली पाहिजे. आमची मेली एका पायाकडूनच पेटली. काकांचा चेहरा खुलला. हो, खुललाच, मी नीट पाहिलं. ‘हॉट स्पॉट!’ असं म्हणत त्यांनी पांढऱ्या टोकांचा चिमटा उचलला. तो चिनीमातीचा, लोखंडाचा घेतला आणि चुकून बटण दाबलं गेलं तर पुन्हा शॉर्ट. सतारीच्या तारा छेडाव्यात तसे त्यांनी वेढे हलकेच छेडले, चिमटीत धरून दाबले, पुन्हा बटण दाबलं. चौथ्या खेपेला मधोमध लाली फुटली आणि दोन्ही बाजूंना पसरली. पहाट झाल्यासारखी. मला उगाच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

इथवर काका उस्ताद. पुढे मात्र कापूस येतो, आणि काकांचं घोडं कायम त्या कापसापाशी अडतं.

कॉइलमधून कापसाची वात ओवायची, दोन्ही टोकं कापायची, विंचरून विरळ करायची आणि टाकीतला रस ज्या खाचांतून वर येतो तिथे अलगद बसवायची. ऐकायला एवढंच. पण कापूस जास्त झाला की रस चढत नाही, वात कोरडी पडते, आणि बटण दाबताच घशात असा काही जळका झटका बसतो की मिरचीची फोडणी गोड वाटावी. कापूस कमी झाला की रस अडत नाही. टाकी भरताच खालच्या हवेच्या भोकातून गळायला लागते. टाकीत मावतो किती, तर दोन मिलिलिटर. इथल्या कायद्याने तेवढीच मुभा आहे. ‘खोकल्याचं औषधसुद्धा चमचाभर देतात!’ असं काका म्हणतात खरं, पण त्या दोन मिलिलिटरांनी त्यांच्या चार पँटचे खिसे, गाडीची सीट आणि माझ्या लग्नातला आहेराचा शर्ट चिकट केलेला आहे.

गळण्याची कारणमीमांसा त्यांना तोंडपाठ आहे. रबरी कडी चिरली असेल. भरताना हवेचं भोक बंद करायला विसरलो असू. रस पातळ असेल. रसात असतं प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन. थंडीत ओठांना लावतो तेच ग्लिसरीन. ते जास्त असलं की रस दाट; थंडीत आणखी दाट, उन्हाळ्यात पातळ. म्हणून जानेवारीत काकांना जळके झटके बसतात आणि जुलैत टाकी गळते. लोणच्यासारखं ऋतुमान पाळावं लागतं. गुळगुळ आवाज आला तर कॉइलपाशी पूर आला समजायचं. टाकी कापडात गुंडाळून हवेच्या भोकाकडून झटकायची. या झटकण्याचे डाग छतावरही आहेत. ते तिथवर कसे गेले, हे काकींनी विचारायचं सोडून दिलं आहे.

मधल्या काळात एक गोष्ट घडत होती, ती काकांच्या ध्यानातही आली नसावी. सुरुवातीला त्यांच्या रसात मिलिलिटरला १२ मिलिग्रॅम निकोटीन होतं. मग सहा, मग तीन. दोन वर्षांपूर्वी शून्य झालं. म्हणजे सिगारेट सुटली, निकोटीनही सुटलं. मग उरलं काय? उरला मिसळणाचा डबा.

‘मग आता हे सगळं कशाला?’ मी विचारलं.

‘कशाला म्हणजे? गळतेय ना अजून!’

जून २०२५ पासून इथे वापरून फेकायच्या यंत्रांवर बंदी आली, तेव्हा काकांनी घरी शिरा करवला. आता लोक दुरुस्तीकडे वळतील अशी त्यांची अटकळ होती. लोक वळले तयार पॉडकडे. काका त्याला विकतची चकली म्हणतात. तरीही कोपऱ्यावरच्या दुकानातला पोरगा अडलेलं गिऱ्हाईक काकांकडे पाठवतो, आणि काका त्या दुकानातल्या स्टुलावर तास-तास बसून अनोळखी इंग्रजाला वेढे मोजायला शिकवतात. मोबदला म्हणून रसाची बाटली मिळते. चव बहुधा आंब्याची. ती हुंगून काकी म्हणाल्या होत्या, ‘यात आंबा कुठाय? मावाबर्फीवर कुणीतरी इसेन्स सांडलंय.’ रत्नागिरी की देवगड यावर दोन तास भांडणारा हा माणूस त्या वासाबद्दल चकार शब्द काढत नाही. चव हा त्यांचा विषयच नाही.

गेल्या श्रावणात टाकी सलग पाच वेळा गळली. सहाव्यांदा काकांनी चिमटा टेबलावर आपटला. काकी शेजारी बसून देवासाठी वाती वळत होत्या. मांडीवर तळहात फिरवायचा आणि वात ताटात टाकायची, हे त्या बातम्या बघता बघता करतात. काकांकडे न बघताच म्हणाल्या, ‘अहो, वात सैल झाली की तेल ढळतं आणि घट्ट झाली की जळते. चाळीस वर्षं समोर बघताय की.’

मग त्यांनी तो कापूस हातात घेतला. वरचा कडक पापुद्रा सोलला, आतला मऊ भाग ओढून सरळ केला आणि हलक्या हाताने एक पीळ देऊन उलगडला. कॉइलमधून ती वात ओवताना तार तसूभर हलली नाही, पण वात जाताना किंचित अडत मात्र होती. ‘एवढं अडायला पाहिजे,’ काकी म्हणाल्या. टोकं कापताना कात्री जरा तिरकी धरली, शेंडे विरळ केले आणि खाचांवर पांघरूण घालावं तसे ठेवले. कोंबले नाहीत. रसाचे चार थेंब टाकले, वात भिजेपर्यंत एक जाहिरात बघितली आणि टाकी काकांच्या हातात दिली.

टाकी गळली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. जळका झटका नाही, गुळगुळ नाही, आकडा १.१ वर खिळलेला. चौथ्या दिवशी काकींचा सौ.ला फोन आला, ‘यांचं जेवणात लक्ष नाही गं.’ मी भेटायला गेलो तर काका खिडकीत बसलेले. हातात टाकी, टाकी भरलेली, सगळं व्यवस्थित. मला म्हणाले, ‘तुमच्या घरी नळ-बिळ काही गळत नाही ना?’ मी नाही म्हटल्यावर त्यांनी निःश्वास सोडला.

नशिबाने सांगलीला पुतण्याचं लग्न निघालं. भारतात ही यंत्रं बनवणं, विकणं, आणणं, साठवणं, सगळ्यालाच २०१९ पासून बंदी आहे. त्यामुळे टाकी स्लावच्या कपाटात राहिली. तीन आठवडे काका वाफेवाचून कसे राहणार याची घरादाराला धास्ती. काकांना आठवणसुद्धा झाली नाही. पहिल्या दिवशी त्यांनी वहिनींचा मिक्सर उघडला, दुसऱ्या दिवशी गीझर, तिसऱ्या दिवशी वातीचा जुना स्टोव्ह माळ्यावरून काढला. सीमांतपूजनाच्या संध्याकाळी मांडवातली दिव्यांची माळ विझली, तेव्हा नवरदेवाचे काका शिडीवर होते आणि खालून त्यांना फेटा दिला जात होता. इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

परवा ते स्लावला परतले. तीन आठवडे आडवी पडलेली टाकी कपाटात सगळी रिकामी झाली होती. हातरुमाल, मोजे, पासबुक, सगळं आंब्याच्या वासाचं. काकी सांगतात, कपाट उघडताच हे ओरडले, ‘अगं, गळली!’ आणि हात धुवायचे सोडून मिसळणाचा डबा काढला.

काल रात्री साडेअकराला मला त्यांचा फोटो आला. नवीन कॉइल, सहा वेढे. खाली लिहिलं होतं : ‘जावईबापू, १.१ चं १.३ दाखवतंय. चढतच चाललंय. का बरं?’

उत्तर मला ठाऊक आहे. स्क्रू ढिला आहे. पण रात्री साडेअकरा वाजता चुलतसासऱ्यांना असं लिहून कसं पाठवायचं, म्हणून अजून पाठवलेलं नाही.