विरारला गाडी बदलताना

बोईसरच्या माणसाला गाडी बदलायचं काय कौतुक! एप्रिल 2013 मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली. त्याआधी विरारला उतरायचं, पिशव्या मोजायच्या आणि पळत जाऊन शटल पकडायची. मोजताना नेमकी एक पिशवी कमी भरायची, बहुतेक वेळा भाजीची.

हल्ली तीच पळापळ मी संगणकावर करतो. घराचं मॉडेल रेव्हिट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये उभं करायचं आणि ते घर किती तापेल, हे एनर्जीप्लस नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरला विचारायचं. मधलं विरार म्हणजे जीबीएक्सएमएलची फाइल. रेव्हिटला विटा, गिलावा, चौकटी सगळं ठाऊक. एनर्जीप्लसला मात्र हवा असतो खोलीतल्या हवेचा ठोकळा आणि त्याच्या बाजू. त्यामुळे नऊ इंची भिंत तिकडे कागदासारखी सपाट होऊन उतरते. तिची जाडी सामानासारखी मागून, वेगळ्या तक्त्यातून येते.

परवा पालघरजवळच्या एका घराचे आकडे भलतेच चढले. खिडक्या तपासल्या, छप्पर तपासलं. रात्री बारा वाजता चोर सापडला: पडवी. सवयीने मी तिलाही खोली म्हणून नाव दिलं होतं. सॉफ्टवेअरने नावावर विश्वास ठेवला, तिन्ही उघड्या बाजू बंद धरल्या आणि बिचारीला उन्हात कोंडून भाजून काढलं. नाव पुसलं, तेव्हा पडवीचं छप्पर नुसती सावली म्हणून पलीकडे गेलं आणि मागची खोली निवली.

सकाळी आईला सांगितलं, "त्याला कळेना, पडवी घराच्या आत की बाहेर."

"त्यात काय कळायचंय? पाऊस आला की आत. तुझे बाबा विडी पेटवायचे तेव्हा बाहेर."

हे कुठल्या रकान्यात भरायचं?

इमारतीची माहिती सगळ्या सॉफ्टवेअरना समजावी म्हणून केलेली आयएफसी ही सामाईक भाषा आंतरराष्ट्रीय मानक झाली, तीही 2013 मध्येच. म्हणजे लोकल आणि ती एकाच वर्षीच्या. लोकल थेट घरापर्यंत आली. माझ्या फाइलला अजून विरारला उतरावं लागतं.

म्हणून आता मी पिशव्या मोजतो. खोल्या पाच, दारं सहा, खिडक्या आठ. पडवी मोजत नाही. तिथे आई भाजी निवडत बसलेली असते.