धंतोलीकरांसाठी परदेशी अ‍ॅथलेटिक्स-दर्शन

धंतोलीकराला स्टेडियमचा अनुभव नाही, असं कुणी म्हणू नये. यशवंत स्टेडियम आपल्याच वस्तीत आहे आणि हिवाळी अधिवेशनात तिथून निघणारे मोर्चे आपण गॅलरीत उभं राहून, चहा घेत पाहिलेले आहेत. परदेशातलं स्टेडियम मात्र जरा निराळं. तिथे लोक कुणाच्या विरोधात जमत नाहीत आणि धावणारे पोलिसांमुळे धावत नाहीत. म्हणून या सूचना.

१. व्हिसा : शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो. पावलापावलावर दवाखाना असलेल्या वस्तीतल्या माणसाला हा अपमान वाटेल, तो गिळावा. प्रवासाचं कारण ‘पर्यटन’ लिहावं. ‘बीडच्या पोराला पळताना पाहायचं आहे’ या कारणासाठी त्या फॉर्मात रकाना नाही.

२. शर्यत : आपला माणूस असेल तीच निवडावी. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेस धावतो. साधारण साडेसात फेऱ्या, २८ अडथळे, शिवाय ७ वेळा पाण्यावरून उडी. धंतोलीत गाडी लावायला जागा शोधलेल्या माणसाला हा प्रकार वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

३. जागा : अंतिम रेषेसमोरचं तिकीट महाग असतं आणि तिथे फक्त निकाल दिसतो. पाण्याच्या खड्ड्याजवळ बसावं; दमलेला कोण आणि दम राखून असलेला कोण, ते तिथे कळतं. मैदानात एकाच वेळी कुणी भाला फेकतो, कुणी उंच उडी मारतो. टाळ्या कशासाठी चालल्यात हे पाहून मगच आपल्या मिसळाव्यात.

४. मौन : स्टार्टरने हात वर केला की सगळं स्टेडियम गप्प होतं. ‘हो, पोचलो. हो, जेवलो बाप्पा,’ हा फोन त्याआधी संपवावा. २०१० पासून पहिल्याच चुकीच्या सुरुवातीला धावपटू बाद होतो. तुमच्या ‘चला राजेहो!’ने एखादा दचकला, तर त्याची चार वर्षं पाण्यात.

५. घरचे प्रश्न : हा सर्वांत अवघड अडथळा. ७ ऑगस्ट २०२४ च्या रात्री पॅरिसमध्ये ऑलिंपिक स्टीपलचेसची अंतिम शर्यत सुरू झाली, तेव्हा नागपुरात एक वाजून गेला होता. साबळे ८ मिनिटं १४.१८ सेकंदांत अकरावा आला. अशा वेळी घरच्या ग्रुपवर ‘मेडल काहून नाही?’ हे येणारच. चिडू नये. या शर्यतीच्या ऑलिंपिक फायनलपर्यंत पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष, एवढं कळवावं. तरी पटलं नाही, तर बर्मिंगहॅम सांगावं : १९९८ ते २०१८ राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची सगळी पदकं केनियाने नेली, २०२२ मध्ये साबळेने रौप्य घेतलं, सुवर्ण हुकलं ते ०.०५ सेकंदाने.

६. सराव : परदेशी जाऊन ओरडायचं, तर घसा आधी इथे तयार हवा. शालेय जिल्हा स्पर्धा गावातच होतात. प्रेक्षक म्हणजे पीटीचे सर आणि दोनचार आईबाप. अकराव्या आलेल्या पोरासाठी टाळ्या वाजवून पाहाव्यात. ते जमलं तरच पॅरिसचं तिकीट काढावं. इथे ना व्हिसा लागत, ना विमा. पाण्याची बाटली तेवढी घरून न्यावी.