बिनमातीचे नाना

ज्याला भाजी हवी असते तो पिशवी घेऊन मंडईत जातो. ज्याला बागेची हौस असते तो कुंड्या आणतो. आणि ज्याला भाजीही नको असते, बागही नको असते, नुसतेच पाईप जोडायचे असतात, तो घरात हायड्रोपॉनिक्स करतो. हल्ली सोसायटीगणिक असा एक तरी गृहस्थ निघतो. लागण बहुधा निवृत्तीच्या दुसऱ्या वर्षी होते. पहिलं वर्ष चारधाम आणि मोतीबिंदूत जातं. आमच्या ठाण्याच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे नाना हा त्या जातीचा अस्सल नमुना.

नाना पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. हॉलमध्ये गजानन महाराजांच्या शेजारी सर विश्वेश्वरय्यांचा फोटो आहे आणि दर पंधरा सप्टेंबरला त्याला हार पडतो. घरात गिझर बसवायचा झाला तरी नाना आधी एल-सेक्शन काढतात. बोलण्यात अजून कालवाच आहे. बाल्कनीच्या भिंतीवर एकाखाली एक लावलेले चार इंची पीव्हीसी पाईप म्हणजे ‘चाऱ्या’, पंप सुरू होणं म्हणजे ‘आवर्तन’, आणि पाईपच्या शेवटच्या भोकातलं पालकाचं मरतुकडं रोप म्हणजे ‘टेलचा शेतकरी’. “हेडचे सगळेच खातात हो. टेलला पाणी पोचलं तर ते सिंचन!” असं म्हणून सकाळी चहाच्या आधी ते टॉर्च घेऊन त्या शेवटच्या रोपाची विचारपूस करून येतात.

योजना कागदावर सोपी आहे. खाली झाकणाचं पिंप, त्यात खताचं पाणी. कूलरचा पंप ते पाणी सगळ्यात वरच्या पाईपच्या तोंडाशी चढवतो. तिथून ते पाईपच्या तळातून वाहत खालच्या पाईपात, मग त्याच्या खालच्या, आणि शेवटी पुन्हा पिंपात. पाईपाला वरून भोकं, भोकात जाळीचा कप, कपात कोकोपीट आणि त्यात रोप. मुळं खाली लोंबतात. इंग्लंडात अ‍ॅलन कूपर यांनी १९६० च्या दशकात बसवलेली ही पद्धत. तिची सगळी खुबी अशी की पाणी पातळ थरानेच वाहिलं पाहिजे. मुळांचं खालचं टोक ओलं आणि वरचा भाग हवेत. मुळांनाही श्वास लागतो. म्हणून पाईपाला साधारण चाळीसास एक उतार देतात, म्हणजे दहा फुटांना तीन इंच.

नानांच्या घोड्याने इथे पेंड खाल्ली. ज्या माणसाने उभी नोकरी किलोमीटरला वीस सेंटीमीटर उतारात काढली, त्याच्या हातून दहा फुटांना तीन इंच सुटणार कसे? “हा कालवा आहे की धबधबा? बेड स्कावर होईल!” गवंड्याची लेव्हलची नळी लावून नानांनी अगदी खात्याच्या नियमाने, डोळ्यांना दिसणारही नाही असा उतार दिला. पाणी चारीत तुंबलं. मुळं आठवड्यात तपकिरी पडली आणि त्यांना तो ओळखीचा गटारी वास सुटला. नानांनी पंचनामा केला, अहवाल लिहिला, अहवालात दोष बियाण्याला दिला आणि रात्री गुपचूप क्लॅम्प तीन इंच खाली घेतले.

पाईपांना भोकं पाडण्याचं काम त्याआधी झालं होतं. ते रविवारी दुपारी दोन ते चार या वेळेत झालं, म्हणजे इमारतीतली यच्चयावत माणसं आमरस-पुरीनंतर आडवी झाली होती तेव्हा. होल सॉचा आवाज दाताच्या डॉक्टरकडे ऐकू येतो त्याच सुराचा, फक्त तो तीन मजले चढून येतो. पाईपाचा पांढरा भुसा पुढे कित्येक दिवस घरात निघत होता. नानांच्या सौभाग्यवती माईंनी एकदा पोह्यांवरचं खोबरं समजून तो वाढलाही म्हणे. नानांना कळलं नाही. ते तेव्हा उतारावर बोलत होते.

खतासाठी ते कृषी सेवा केंद्रात गेले, त्या मोहिमेला मी साक्षीदार आहे. दुकानदाराने विचारलं, “क्षेत्र किती?” नाना म्हणाले, “बाल्कनी.” दुकानदाराने पेन खाली ठेवलं. कॅल्शियम नायट्रेट पाव किलो सुटं मिळत नाही, गोणी पंचवीस किलोची. नानांनी गोणी घेतली. एका बाल्कनीला ती साधारण पणतवंडांपर्यंत पुरावी. सध्या ती दिवाणात, लग्नातल्या शालूंच्या शेजारी आहे.

खताची तऱ्हा अशी की घट्ट द्रावणात कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट एकत्र आले की जिप्समचा पांढरा साका तळाशी बसतो आणि झाडाच्या हाती काही लागत नाही. म्हणून दोन वेगळ्या बाटल्या करायच्या आणि पिंपभर पाण्यात एकेक ओतायची. नाना हे मला रेणूसूत्रं काढून समजावत होते. माईंनी आतून एका वाक्यात संपवलं: “दोन जावा आहेत. एका ओट्याशी जमत नाही, मांडवभर माणसांत चालतात.”

माई हे या प्रकरणातलं दुसरं पात्र. त्या कधी विरोध करत नाहीत, नोंद ठेवतात. दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर ‘यांची शेती’ असा मथळा आहे. त्याखाली पंप, टायमर, एलईडीच्या नळ्या, पंप जळाला, पंप, सोल्युशन, पुन्हा सोल्युशन अशी ओळ लागली आहे. पहिली कोथिंबिरीची जुडी हातात आली त्या दिवशी माईंनी बेरीज मारली आणि ती जुडी अकरा हजार चारशेला पडल्याचं शांतपणे सांगितलं. नाना म्हणाले, “भांडवली खर्च एका पिकावर टाकायचा नसतो.” खात्यात हे चालत असेल. माईंनी ती कोथिंबीर आमटीवर घातली नाही. पाहुणे येईपर्यंत फ्रिजमध्ये ठेवली.

नानांच्या शर्टाच्या खिशात पूर्वी पेन असे, आता टीडीएस मीटर असतो. पाण्यात किती क्षार आहेत ते हा मीटर दाखवतो. पालेभाजीला किती हवेत आणि टोमॅटोला किती, याचं कोष्टक फ्रिजवर चिकटवलेलं आहे. पण मीटर एकदा हातात आला की तो पिंपापुरता राहत नाही. नानांनी नळाचं पाणी मोजलं, टँकरचं मोजलं, सत्यनारायणाचं तीर्थ मोजलं. आमच्याकडे आले की पाण्याच्या ग्लासात आधी मीटर जातो, मग ओठ लागतात. खालच्या मजल्यावरचे एक मधुमेही गृहस्थ चोरून साखर खातात असा त्यांच्या बायकोला संशय होता. नानांनी आव्हान स्वीकारलं आणि त्यांच्या चहात मीटर बुडवला. एक चमचा साखर घातली, आकडा हलला नाही. दुसरा चमचा घातला, तरी नाही. मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो. मीठ विरघळलं की वाहून नेणारे आयन सुटतात, साखरेचे सुटत नाहीत. नानांनी हे सविस्तर सांगितलं. माई म्हणाल्या, “तुमच्यासारखाच आहे. मीठ चुकलं की बोलणार, गोड झालं की गप्प.”

लिफ्ट बंद पडली की नाना जिन्यात गाठतात आणि मग इतिहास सुरू होतो. ‘हायड्रोपॉनिक्स’ हे नाव १९३७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विल्यम गेरिके यांनी चालू केलं. त्यांनी पाण्यावर पंचवीस फूट उंचीचे टोमॅटो वाढवले. सुरुवातीला विद्यापीठाने त्यांना प्रयोगासाठी काचघर दिलं नव्हतं. इथे नानांचा आवाज चढतो: “आणि मला आपल्या कमिटीने टेरेस दिली नाही!” पुढची गोष्ट ते जरा पटकन आटोपतात. गेरिकेंचा दावा तपासायला त्याच विद्यापीठातले हॉगलंड आणि अर्नन बसले, आणि १९३८ च्या पुस्तिकेत त्यांनी लिहिलं की चांगल्या जमिनीपेक्षा पाण्यावरचं पीक काही जास्त येत नाही. नानांकडे पुस्तिकेची झेरॉक्स आहे. हॉगलंडचं खताचं कोष्टक पिवळ्या पेनाने रंगवलेलं, निष्कर्षाचं पान कोरं.

बाल्कनी बंद केलेली, म्हणून ऊन नाही. त्यामुळे दिवे. दिवसाला चौदा तास जांभळा उजेड. नव्या वॉचमनने पहिल्याच रात्री वर बघून दबक्या आवाजात विचारलं, “तिसऱ्यावर बार आहे का?”

पावसाळ्यात महापालिकेची बाई डेंग्यूच्या अळ्या शोधायला घरोघर आली. ती बहुतेक घरी फ्रिजमागचा ट्रे बघून जाते. नानांच्या बाल्कनीच्या दारात मात्र ती थबकलीच, साठवलेलं पाणी असं भिंतभर मांडून ठेवलेलं तिने पाहिलं नसावं. इमारतीत सगळ्यांना वाटलं, आता नोटीस. पण नानांना असा श्रोता आजवर लाभलाच नव्हता. प्रत्येक चारीत टॉर्च मारून बघणारी, प्रत्येक झाकण उघडायला सांगणारी, वहीत लिहून घेणारी! त्यांनी तिला हेड ते टेल सगळा प्रकल्प फिरवून दाखवला, चहा दिला, चहाचा टीडीएस दाखवला. वाहत्या पाण्यात आणि झाकलेल्या पिंपात अळी सापडली नाही. ती सापडली माईंच्या मातीतल्या तुळशीखालच्या बशीत. नानांनी त्या दिवशी इमारतीत पेढे वाटायचे बाकी ठेवले.

माईंनी त्याचं उट्टं नवरात्रात काढलं. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी त्या वावरातली माती मागवत होत्या. नाना म्हणाले, “मातीची काय गरज? घट माझ्या सिस्टीमवर बसवू. नऊ दिवसांत वीतभर धान्य गॅरंटीने.” माईंनी परडी, पत्रावळ, सात धान्यं एका ओळीत मांडली आणि म्हणाल्या, “देवी मातीत बसते. तिला पाईपात बसवायची असेल तर तुम्हीच तिला विचारा.” नानांनी विचारलं नाही. पण दसऱ्याला घटाचं धान आणि पाईपातला गहू शेजारी ठेवून पट्टीने मोजताना मी त्यांना पाहिलं आहे. निकाल त्यांनी जाहीर केला नाही.

या जातीचा माणूस लेट्यूसचं पीक घेतोच, कारण पाण्यावर ते सगळ्यात खुशीने येतं. घरात ते कोणी खात नाही ही वेगळी गोष्ट. माईंनी पहिल्या खेपेला त्याची पीठ पेरून भाजी केली, दुसऱ्या खेपेला थालीपीठ. तिसऱ्या खेपेला एप्रिल आला. पिंपातलं पाणी तिशीच्या वर तापलं. कोमट पाण्यात प्राणवायू कमी राहतो आणि मुळं सडतात, म्हणून नाना पाण्याच्या बाटल्या फ्रीझरमध्ये गोठवून पिंपात सोडू लागले. फ्रीझरमधून कुल्फी बाहेर आली, नातवंडं रडली. मग वीज जायला लागली. पंप दोन-तीन तास थांबला तर पातळ धारेवरची मुळं सुकतात, तेव्हा इन्व्हर्टर आला. मे महिन्याच्या दुपारी त्या घरात पंखा बंद, नाना घामाने निथळत उघडे बसलेले आणि पालकाला बर्फाचं पाणी, हे दृश्य ज्याने पाहिलं नाही त्याला हा मनुष्य कळणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीत नातीने शाळेच्या प्रकल्पासाठी तेलाचा पाच लिटरचा कॅन घेतला. त्याला काळा कागद गुंडाळला, म्हणजे उजेड जाऊन शेवाळ धरणार नाही. तोंडाशी जाळीचा कप बसवला, कपाच्या बुडाला टेकेल इतकं खताचं पाणी भरलं, पालक लावला आणि सोडून दिलं. ही हवाई विद्यापीठाच्या क्रॅटकी यांची पद्धत. पंप नाही, वीज नाही. झाड पाणी पितं तशी पातळी खाली जाते आणि वर उघड्या पडलेल्या मुळांना हवा मिळते. अट एकच, मधे पाणी पुन्हा काठोकाठ भरायचं नाही. नाना रात्री उठून माया करायला जातील हे ओळखून नातीने कॅनवर चिठ्ठी लावली: ‘आजोबा, हात लावू नये.’ पालक गुबगुबीत आला. नाना त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, “छान आहे. पण यात सिस्टीम कुठेय?”

आणि मग थंडीत, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, नानांची सिस्टीमही चालायला लागली. उतार बरोबर, खत बरोबर, पाणी थंड. टेलचा शेतकरीसुद्धा वर आला. सगळ्या मजल्यांवर फुकट पालक पोचला, सेक्रेटरींनी दोनदा मागून नेला. नाना मात्र खंगायला लागले. सकाळी टॉर्च घेऊन जात, बघत आणि हात हलवत परत येत. कशातच गळती नव्हती. माईंनी डॉक्टरला दाखवायची भाषा सुरू केली.

गेल्या आठवड्यात ते पुन्हा तरतरीत दिसले. खिशात मीटर, हातात नवा आराखडा. पिंपाच्या जागी मोठी टाकी, टाकीत तिलापिया. माशांच्या घाणीतल्या अमोनियाचं जिवाणू नायट्रेट करतात, ते झाडांना खत, आणि झाडांनी निवळलेलं पाणी परत माशांना. पाईप दुप्पट लागतात, हे सांगताना त्यांचा चेहरा फुलला होता.

आमचे सेक्रेटरी कांदासुद्धा खात नाहीत आणि तिलापियाचं त्यांना अजून कळलेलं नाही. वाचकांपैकी कोणी आमच्या सोसायटीतलं असेल तर कृपया बोलू नये. पालक हवा असेल तर रविवारच्या आत न्यावा, सोमवारी नाना सगळ्या चाऱ्या उपटणार आहेत.