चार टक्क्यांची ओसरी

पुण्याच्या समाविष्ट गावांतील टेकड्या जैववैविध्य उद्यानासाठी कायमच्या मोकळ्या ठेवाव्यात, की त्यांवर केवळ चार टक्के बांधकामास मुभा द्यावी, या वादात सरकारदरबारी वर्षानुवर्षे कागद झिजले आणि अखेर २०१५ साली आरक्षणास मंजुरी मिळाली. २०२१ साली आमचे खडकवासला गावही महापालिकेच्या हद्दीत दाखल झाले. तेव्हापासून धरणाकाठचा उघडा माळ दिसला की चार टक्क्यांची ती विनयशील मागणी आठवते, कारण भटानेही प्रथम ओसरीच मागितली होती. उरलेल्या शहाण्णव टक्क्यांचे काय, असे पुसणाऱ्या अरसिकास सांगावे की तेथे रस्ते, वाहनतळ आणि ‘निसर्गाच्या कुशीत’ ही जाहिरात नांदेल. १२ जुलै १९६१ रोजी फुटलेल्या पानशेत धरणाच्या लोंढ्याने हेच खडकवासल्याचे धरण फोडले, तेव्हा पाण्याने मात्र टक्केवारीचा अर्ज केला नव्हता.