द्वैती शेजारी

टेक्ससमध्ये घर घेताना एजंटाने शाळा, कर, पाण्याचा दाब असं सगळं सांगितलं. डावीकडचे शेजारी तेवढे सांगायचे राहिले. पहिल्याच शनिवारी डबाभर शंकरपाळे घेऊन ओळख करून घ्यायला गेलो, तर गॅरेज सताड उघडं, बाकावर जाड टॉवेल आणि त्यावर सुटी केलेली दोन पिस्तुलं. माझं नाव विचारायच्या आधी त्यांनी विचारलं, "बुशिंग की बुल?"

मी म्हटलं, "मी शाकाहारी आहे."

माझी कीव करून त्यांनी शिकवणी सुरू केली. तिला आता सहावं वर्ष लागलंय.

पिस्तूल एकच, नाइन्टीन-इलेव्हन. जॉन मोझेस ब्राउनिंगने घडवलं, अमेरिकी लष्कराने २९ मार्च १९११ला स्वीकारलं आणि १९८५ साली बेरेटा आणून त्याला निवृत्त केलं. ही निवृत्ती आमच्या शेजाऱ्यांना मान्य नाही. पुण्यात काही जण '१८१८' ज्या सुरात म्हणतात, त्या सुरात ते '१९८५' म्हणतात. ब्राउनिंगचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावायचा काय तो बाकी राहतो. स्वीकारण्याआधीच्या चाचणीत या पिस्तुलातून ६,००० गोळ्या झाडल्या, तापलं की पाण्यात बुचकळून काढलं, तरी ते एकदाही अडकलं नाही, ही कथा मी सत्यनारायणाच्या कथेहून जास्त वेळा ऐकली आहे.

आता वाद काय तो सांगतो. गोळी सुटली की स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे जाते, नळीचं मागचं टोक खाली झुकतं; मग सगळं पुन्हा जागेवर येतं. नेम टिकायचा तर नळीचं तोंड दर वेळी नेमकं त्याच जागी येऊन बसायला हवं. ब्राउनिंगने त्यासाठी स्लाइडच्या तोंडाशी एक बांगडी बसवली, तीच बुशिंग. पुढे आलेल्या बुलवाल्यांनी बांगडी काढून टाकली आणि नळीच तोंडाशी जाड करून थेट स्लाइडला भिडवली. मला हे ऐकताक्षणी ओळखीचं वाटलं. एका पंथाला मध्ये कुणीतरी हवं, दुसऱ्याला कुणीच नको. हा द्वैत-अद्वैताचा जुनाच झगडा आहे, असं मी त्यांना समजावलं आणि द्वैतवाल्यांचं मोठं पीठ उडुपीला आहे हेही सांगितलं. ते भलतेच खूश झाले. तिथे नळ्या घासून बसवणारा चांगला कारागीर मिळेल का, म्हणाले.

दर शनिवारी त्यांचा एक अद्वैती मित्र येतो. दोघांनाही सत्तरी उलटून गेली आहे. मित्र म्हणतो, तोंडाशी वजन जास्त, म्हणून पिस्तूल कमी उसळतं. शेजारी म्हणतात, "आणि ते उघडायला काय लागतं? वाकवलेली पेपरक्लिप! रणांगणावर शिपायाने स्टेशनरीचं दुकान शोधायचं?" मित्र म्हणतो, "तुझी घट्ट बांगडी तरी पान्याशिवाय कुठे फिरते?" दोघांचंही खरं आहे, म्हणूनच वाद मिटत नाही. एकच मुद्दा शेजाऱ्यांना कबूल आहे. तीन इंची नळी मागे जाताना इतकी तिरकी होते की साध्या बांगडीत ती आवळली जाते. तिथे बुलच बरी. पण तीन इंची पिस्तुलाला ते 'खेळणं' म्हणतात, त्यामुळे ही हार त्यांना हार वाटत नाही.

पिस्तूल रिकामं आहे ना, हे ते तीन वेळा तपासतात. त्या बाबतीत माणूस सोवळ्यातला. पण बांगडी फिरवून काढताना तिच्याखालच्या स्प्रिंगचं टोपण अंगठ्याने दाबून धरावं लागतं, आणि नेमकं तेव्हाच त्यांना मित्राचा एखादा मुद्दा खोडायचा असतो. अंगठा सुटतो. टोपण छताकडे जातं. आम्ही तिघं खाली वाकून ते शोधतो आणि वाद बाकाखालून चालू राहतो. जोडताना आणखी एक गंमत. स्लाइड-स्टॉपची खीळ घाईने सरकवली की खालच्या सांगाड्यावर कमानीसारखा ओरखडा उठतो. तिकडे त्याला 'इडियट स्क्रॅच' म्हणतात. त्यांच्या दोन्ही पिस्तुलांवर तो आहे. मी विचारलं, तर म्हणाले, "आधीच्या मालकाचा." दोन्ही पिस्तुलं त्यांनी कोरी घेतली आहेत, असं त्यांच्या बायकोने शंकरपाळ्यांचा डबा परत देताना सांगितलं.

गेल्या नाताळच्या सुट्टीत ते मला रेंजवर घेऊन गेले. निकाल लावायचाच होता. पंचवीस यार्डांवर दोन कागद टांगले, एक बुशिंगचा, एक बुलचा. मॅगझिनमध्ये सात गोळ्या, म्हणजे एकूण चौदा. दर गोळीनंतर त्यांनी दुर्बिणीतून पाहिलं, वहीत काहीतरी लिहिलं. कागद जवळ आले, तेव्हा शेजारी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "काडतुसांची ही पेटी बरोबर नाही."

आता त्यांनी तिसरी नळी मागवली आहे. गोळी नळीत चढते तो उतार, म्हणजे रॅम्प, नळीचाच हवा की सांगाड्याचा, हा नवा प्रश्न आहे आणि शनिवारी चार वाजता मला बोलावलंय. गॅरेजच्या छतावर टोपणाचे एकूण नऊ पोचे आहेत. दोन्ही कागद धरून काळ्या वर्तुळात भोकं होती तीन.