साठ टक्क्यांची चाळणी

सीएच्या अंतिम परीक्षेत प्रत्येक पेपरात 40 आणि ग्रुपमध्ये एकूण 50 टक्के मिळवले की माणसाला कोट्यवधींच्या ताळेबंदावर सही करण्याची वाट मोकळी होते. त्याच ताळेबंदाची व्हाउचरं तपासणाऱ्या बीकॉमवाल्या नवशिक्याकडून मात्र दहावी, बारावी आणि पदवी अशा तिन्ही ठिकाणी 60 टक्के मागणाऱ्या जाहिराती सर्रास दिसतात. सहीपेक्षा टिकमार्क महाग! पाचव्या सेमिस्टरला गुण घसरले, सरासरी 59.8 झाली, की एक्सेलचा फिल्टर त्या ओळीला गडप करतो. हातात ऑफर लेटर असलं तरी ‘एकही केटी नसावी’ ही अट तळाशी असतेच. यावर ऑडिट कंपन्यांचं म्हणणं रास्त आहे : अर्ज ढिगाने येतात, कुठेतरी रेघ मारावीच लागते, आणि घसरते गुण कधीकधी खरोखरच आळसाचे असतात. कबूल. पण कधीकधी ते सीए इंटरचा अभ्यास आणि कॉलेज एकाच वेळी रेटल्याचेही असतात, आणि हा फरक विचारल्याशिवाय कळत नाही. विचारायचं कसं, हे या मंडळींना शिकवायला नको. लेखापरीक्षण मानक 520 सांगतं की आकड्यांत अनपेक्षित चढउतार दिसला तर व्यवस्थापनाकडे चौकशी करा, मिळालेल्या उत्तराला पुरावा शोधा. अशिलाचा नफा घसरला तर त्याला चहा पाजून कारण विचारतात; पोराचे गुण घसरले तर थेट ‘खेद आहे’चा मेल, तोही नो-रिप्लाय पत्त्यावरून.